भाल्याचे टोक

आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळी दरवर्षी पवित्र सप्ताहात प्रभू येशूच्या दुःखसहनाचे नाट्य सादर करतात. चर्चच्या पटांगणात फळ्यांचा रंगमंच उभा राहतो, घरोघरच्या पेट्यांतून जुनी लुगडी, चादरी आणि पडदे बाहेर येतात आणि त्यांतून यरुशलेम नगरी आकाराला येते. काही वर्षांपूर्वी अशाच एका नाट्यात क्रुसाजवळ उभ्या राहणाऱ्या रोमन शिपायासाठी भाला हवा होता. मुलांनी पुठ्ठ्याचा भाला करून आणला होता. मलाच तो पसंत पडला नाही. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांनाही तो खरा वाटला पाहिजे, असा आग्रह मी धरला आणि लोखंडी पात्याचा भाला करून घ्यायला लावला. शिपायाचे काम करणाऱ्या मुलाला तो कसा धरावा, कसा उगारावा हे आम्ही हौसेने शिकवले. तो कोठे थांबवावा हे मात्र कोणी शिकवले नाही. रंगीत तालमीच्या रात्री त्याचा पाय फळीवरून सरकला आणि क्रुसावर उभ्या असलेल्या मुलाच्या बरगडीखाली बोटभर जखम झाली. चार टाके पडले. दवाखान्याच्या बाकावर त्या मुलाची आई माझ्या शेजारी बसली होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "फादर, नाटक तुमचं आहे, पोर माझं आहे."

हे वाक्य तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. २०२१ साली अमेरिकेतून आलेली एक बातमी वाचताना ते पुन्हा कानांत घुमू लागले आणि या लेखाचा विषय तेथेच सुचला.

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिको राज्यातील बोनान्झा क्रीक या ठिकाणी 'रस्ट' नावाच्या चित्रपटाची तालीम चालू होती. कथा एकोणिसाव्या शतकातील, गोळीबाराची. दृश्य एका लाकडी चर्चमधले. प्रमुख नट अॅलेक बाल्डविन चर्चच्या बाकावर बसून रिव्हॉल्व्हर बाहेर काढण्याचा आणि कॅमेऱ्याच्या दिशेने रोखण्याचा सराव करीत होता. शस्त्र निर्धोक असल्याचे सेटवर पुकारण्यात आले होते, असे पोलिसांच्या कागदपत्रांत नमूद आहे. अचानक बार झाला. युक्रेनमध्ये जन्मलेली बेचाळीस वर्षांची छायाचित्रणकार हलिना हचिन्स गोळी लागून मृत्यू पावली. तीच गोळी पुढे दिग्दर्शक जोएल सूझा यांच्या खांद्यात घुसली, ते बचावले. हलिनाच्या मागे पती आणि नऊ वर्षांचा मुलगा राहिला. तपासात त्या सेटवर एकूण सहा खरी काडतुसे सापडली. खोट्या चर्चमध्ये, खोट्या भांडणात, खऱ्या आईचा प्राण गेला.

यथावकाश न्यायालयीन कारवाई झाली. सहायक दिग्दर्शकाने २०२३ मध्ये आरोपाला आव्हान न देता सौम्य शिक्षा पत्करली. शस्त्रांची देखभाल करणाऱ्या तरुण स्त्रीला २०२४ मध्ये अठरा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. बाल्डविनवरील खटला मात्र जुलै २०२४ मध्ये मध्येच रद्द झाला, कारण सरकारी पक्षाने काडतुसांविषयीचा पुरावा बचावपक्षापासून दडवून ठेवला होता. चाप आपण ओढलाच नाही, असे बाल्डविनचे म्हणणे होते. सरकारी पक्षाच्या आरोपांत एक मुद्दा असा होता की, नटाला द्यावयाचे शस्त्रप्रशिक्षण किमान तासाभराचे ठरले असता प्रत्यक्षात ते सुमारे अर्धा तासच झाले आणि तेवढ्या वेळातही त्याचे लक्ष दूरध्वनीकडे होते. या आरोपाची न्यायालयात शहानिशा झालीच नाही; म्हणून तो खरा की खोटा हे मी किंवा तुम्ही ठरवू नये. परंतु त्यातून उभा राहणारा प्रश्न कोणा एका नटाचा नाही. ज्याला केवळ मारण्याचा अभिनय करावयाचा आहे, त्याला शस्त्राचे खरे शिक्षण कशासाठी द्यायचे? आणि त्याच्या हातून अपघात घडला, तर सद्‌सद्विवेकबुद्धीसमोर तो कितपत उत्तरदायी ठरतो?

प्रथम हे शिक्षण असते कसे, ते पाहू. पूर्वी नटाच्या हाती बंदूक दिली, दोन सूचना केल्या की काम भागत असे. पुढे प्रेक्षकांची नजर चोखंदळ झाली. १९८६ सालच्या 'प्लॅटून' या व्हिएतनाम युद्धावरील चित्रपटासाठी डेल डाय या निवृत्त मरीन अधिकाऱ्याने नटांना फिलिपिन्सच्या जंगलात नेले आणि सुमारे दोन आठवडे सैनिकांसारखे राबवले. खंदक खोदणे, रात्रीचा पहारा, पाठीवरचे ओझे, अपुरी झोप, काहीच चुकले नाही. १९९५ सालच्या 'हीट' या चित्रपटासाठी ब्रिटिश सैन्याच्या विशेष दलातील माजी सैनिक अँडी मॅकनॅब यांची मदत घेण्यात आली आणि नटांनी नेमबाजीच्या मैदानावर खऱ्या काडतुसांनी सराव केला. २०१४ पासून सुरू झालेल्या 'जॉन विक' या चित्रमालिकेसाठी किआनू रीव्हज या नटाने ज्युदो, जुजुत्सू आणि नेमबाजी यांवर महिनोन्‌महिने मेहनत घेतली.

हा खटाटोप कशासाठी, असे आपल्याला वाटेल. त्याचे कारण असे की शरीराला खोटे बोलता येत नाही. बार होताच नवख्याचे डोळे मिटतात, खांदे आक्रसतात, काडतुसे भरताना नजर हाताकडे वळते. कॅमेरा हे सारे टिपतो. म्हणून शिक्षक नटाकडून एकच हालचाल शेकडो वेळा करवून घेतो. आधी रबरी शस्त्राने, मग रिकाम्या शस्त्राने, मग कोऱ्या काडतुसांनी. कोरे काडतूस म्हणजे ज्यात दारू असते, पण पुढे शिशाची गोळी नसते. याच्या उलट जे नकली काडतूस, त्यात गोळी दिसते, पण दारू नसते. रिव्हॉल्व्हर समोरून चित्रित करायचे असेल तेव्हा गोळ्यांची टोके दिसावीत म्हणून नकली काडतुसे भरतात. ती ओळखू यावीत म्हणून काहींच्या आत एक बारीक छर्रा ठेवलेला असतो. काडतूस कानाशी हलवले की तो खुळखुळतो. काहींच्या कडेला भोक पाडलेले असते. खरे आणि खोटे यांतील अंतर कधी कधी इतके बारीक असते: एक खुळखुळाट!

हे अंतर विसरल्याने काय होते त्याची उदाहरणे 'रस्ट'च्या आधीचीही आहेत. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम हा सव्वीस वर्षांचा अमेरिकन नट दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणात खोळंबला होता. कंटाळून त्याने कोऱ्या काडतुसाची रिव्हॉल्व्हर गमतीने स्वतःच्या कानशिलाला लावली आणि चाप ओढला. गोळी नसली तरी दारूचा दाब असतोच. त्या दाबाने कवटीचे हाड फुटून मेंदूत शिरले आणि सहा दिवसांनी तो मरण पावला. १९९३ च्या मार्चअखेरीस नॉर्थ कॅरोलायना राज्यात 'द क्रो' या चित्रपटाचे चित्रीकरण चालू असताना अठ्ठावीस वर्षांचा ब्रँडन ली असाच गेला. आधीच्या एका दृश्यात वापरलेल्या सदोष नकली काडतुसाची गोळी रिव्हॉल्व्हरच्या नळीत अडकून राहिली होती. ती कोणी तपासली नाही. पुढच्या दृश्यात त्याच शस्त्रात कोरे काडतूस भरले गेले आणि त्याच्या जोराने अडकलेली गोळी सुटली. काही दिवसांवर त्याचे लग्न येऊन ठेपले होते.

ब्रँडन लीची हकिकत मी वाचली तेव्हा मला पवित्र शास्त्रातील अनुवाद या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आठवला. दोन शेजारी लाकडे तोडायला रानात जातात. एकाने कुऱ्हाड उगारली, तोच तिचे पाते दांड्यातून निसटले आणि दुसऱ्याला लागून तो मेला. मनात वैर नव्हते, पण रक्त तर सांडले. अशा माणसासाठी इस्राएल लोकांनी आश्रयनगरे राखून ठेवावीत, अशी आज्ञा तेथे आहे. यहोशवाच्या पुस्तकात अशी सहा नगरे नोंदलेली आहेत. सूड घ्यायला निघालेल्या नातेवाइकांपासून त्या माणसाला तेथे संरक्षण मिळे. मात्र प्रमुख याजकाच्या मृत्यूपर्यंत त्याला ते नगर सोडता येत नसे. म्हणजे तो खुनी ठरत नसे, आणि काहीच घडले नाही अशा थाटात घरीही परतू शकत नसे. निष्पाप आणि तरीही बांधलेला, अशी ही विलक्षण अवस्था आहे.

त्याच पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात दुसरी एक छोटीशी आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा. नाहीतर कोणी खाली पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल. या दोन आज्ञा शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. निसटलेल्या पात्याला क्षमा आहे. न बांधलेल्या कठड्याला नाही. पहिल्या घटनेत माणसाला ठाऊक नव्हते. दुसऱ्या घटनेत ठाऊक होते, निदान ठाऊक असायला हवे होते.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला अज्ञानाचे दोन प्रकार शिकवले जात: ज्यावर मात करणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते ते अज्ञान आणि थोड्याशा प्रयत्नाने जे दूर करता आले असते ते अज्ञान. पहिले दोषातून सोडवते, दुसरे सोडवत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी नकळत घडलेल्या मनुष्यवधाचा विचार करताना हीच कसोटी लावली आहे. काम विहित असेल आणि माणसाने योग्य ती काळजी घेतली असेल, तर मृत्यूचा दोष त्याच्यावर येत नाही. काम विहित असूनही काळजी घेतली नसेल, तर दोषातून त्याची पूर्ण सुटका नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथानेही पाचव्या आज्ञेच्या विवेचनात हाच विचार मांडला आहे: हेतू नसताना घडलेला मृत्यू नैतिकदृष्ट्या माथी मारला जात नाही, परंतु पुरेशा कारणाशिवाय दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला केवळ 'माझा हेतू नव्हता' या शब्दांवर सुटता येत नाही.

शस्त्रशिक्षणाचे खरे नैतिक मोल मला येथे दिसते. नेमका नेम साधणे हा त्याचा वरवरचा भाग झाला. नटाचे दूर करता येण्याजोगे अज्ञान दूर करणे हा त्याचा गाभा. हातात आलेली वस्तू काय करू शकते, ती कशी फसवू शकते आणि आपण काय विचारले पाहिजे, हे त्याला एकदा कळले की 'मला माहीत नव्हते' हा आडोसा उरत नाही. शिक्षण माणसाला जबाबदार करते, आणि म्हणूनच कदाचित आपण ते अर्ध्यावर सोडून उठतो.

याला एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेतील नटांच्या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले की शस्त्रांत तज्ज्ञ असणे हे नटाचे काम नव्हे; त्यासाठी वेगळा तज्ज्ञ नेमलेला असतो. या म्हणण्यात तथ्य आहे. रुग्ण भुलीचे औषध स्वतः तपासून पाहत नाही. शिवाय प्रत्येक जण शस्त्र उघडून पाहू लागला, तर धोका घटण्याऐवजी वाढेल. दहा हातांतून फिरलेल्या वस्तूची जबाबदारी कोणाच्याच हाती राहत नाही. याउलट जॉर्ज क्लूनीसारख्या नटाने, हाती आलेले शस्त्र आपण दर वेळी स्वतः पाहतो, असे सांगितले आहे. हा वाद अमेरिकेत बरीच वर्षे चालेल.

मला वाटते, दोन्ही पक्षांच्या मधून एक वाट जाते. नटाने शस्त्र स्वतः तपासावे असे नसले, तरी 'मला दाखवा' असे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. तज्ज्ञाने त्याच्या डोळ्यांसमोर शस्त्र उघडावे, प्रत्येक काडतूस कानाशी हलवून दाखवावे, नळीतून उजेड दाखवावा. यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. जागे असावे लागते. विश्वास टाकणे हा सद्‌गुण आहे, पण डोळे मिटून टाकलेला विश्वास पुष्कळदा आळसाचेच दुसरे नाव असते. आपली सद्‌सद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या सल्ल्याने शहाणी होऊ शकते. ती दुसऱ्याच्या हवाली मात्र करता येत नाही. दवाखान्याच्या बाकावर मीही मनाशी म्हणालो होतो, 'भाला लोहाराने केला, चालवला त्या मुलाने, फळ्या बांधल्या मंडपवाल्याने.' तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तरी 'भाला खरा हवा' हे शब्द माझेच होते.

अमेरिकेत नागरिकांना बंदूक शिकवणाऱ्यांच्या तोंडी चार नियम असतात. जेफ कूपर या माजी मरीन अधिकाऱ्याने ते प्रचारात आणले. त्याने १९७६ साली अॅरिझोना राज्यात नेमबाजीची शाळा काढली होती. प्रत्येक शस्त्र सदैव भरलेलेच आहे असे समजावे. जे नष्ट करण्याची आपली तयारी नाही, त्यावरून नळी कधीही फिरवू नये. नेम पक्का झाल्याशिवाय बोट चापावर ठेवू नये. लक्ष्य कोणते आणि त्याच्या पलीकडे काय आहे, हे आधी ओळखावे. कूपरची बंदुकीविषयीची सगळी मते मला पटतील असे नाही. पण एका धर्मगुरूने हे नियम वाचले तर त्याला त्यांत सदाचाराच्या सवयींचे शास्त्र दिसेल. संत थॉमस ज्याला सद्‌गुण म्हणतात, तो अशाच वारंवार केलेल्या कृतीतून अंगी मुरतो. विचार करायला सवड नसते अशा क्षणी माणूस जे करतो, ते त्याच्या सवयीने ठरते. हजार वेळा बोट चापाबाहेर ठेवलेल्या नटाचे बोट हजार एकाव्या वेळीही बाहेरच राहते. आणि ज्याने केवळ ऐटीत बंदूक काढण्याचा सराव केला, त्याच्या बोटाला ऐटच ठाऊक असते.

म्हणून प्रशिक्षणात कोणती गोष्ट आधी शिकवली जाते, याला फार महत्त्व आहे. आधी थांबणे, मग उगारणे. आम्ही तालमीत नेमका हा क्रम उलटा केला होता.

आता दुसरा प्रश्न. शरीर वाचले, पण मारण्याचा अभ्यास करता करता माणसाच्या आत्म्याचे काय होते? आद्य ख्रिस्तसभेला नाटकाविषयी फार धास्ती होती. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांच्यापुढे एक प्रश्न आला होता: एका नटाने रंगभूमी सोडली, पण तो इतरांना तीच कला शिकवून पोट भरतो, त्याला ख्रिस्तसभेच्या सहभागितेत ठेवावे काय? सिप्रियन यांनी नकार दिला. मात्र त्याच पत्रात त्यांनी असेही लिहिले की, तो निर्धन असेल तर त्याच्या अन्नाची व्यवस्था ख्रिस्तसभेने करावी आणि तुमच्या ख्रिस्तसभेला ते जमत नसेल तर त्याला आमच्याकडे पाठवावे. या कठोर निर्णयातली ही माया मला नेहमी हलवून जाते. पुढे हजार वर्षांनी संत थॉमस यांनी वेगळा सूर लावला. थकलेल्या मनाला विश्रांती हवी असते, ती देणारी नटाची कला स्वतःत पाप नाही, फक्त मर्यादा सुटू नये, असे त्यांनी मानले. आणि नटांचे आश्रयदाते म्हणून आपण ज्यांना मानतो त्या संत जेनेशियस यांची कथा तर सर्वश्रुत आहे. परंपरा सांगते की रोममध्ये बाप्तिस्म्याची थट्टा करणारे नाटक करता करता त्यांचे हृदय पालटले आणि त्या श्रद्धेसाठी त्यांनी प्राण दिले. खोट्या विधीतून खरी श्रद्धा उगवली.

खोट्या विधीतून खरी कृपा येऊ शकते, तर खोट्या हिंसेतून खरी हिंसाही मनात उतरू शकते, हे नाकारता येत नाही. परंतु याबाबत मी नटापेक्षा प्रेक्षकांची, म्हणजे तुमची-माझी, अधिक काळजी करतो. नट महिनाभर मैदानावर राबतो. शस्त्राचे वजन, त्याचा धक्का, त्याचा कानठळ्या बसवणारा आवाज आणि शिक्षकाच्या डोळ्यांतील धाक त्याला ठाऊक होतो. डेल डायचा हेतू तर हाच होता की पडद्यावरच्या सैनिकाला पाहून खऱ्या सैनिकाने भोगलेले कष्ट लोकांना कळावेत. त्यात मेलेल्यांविषयीचा आदर आहे. पण पडद्यावर येईतो पुष्कळदा हे वजन गळून पडते. दोन तासांत पन्नास माणसे कोसळतात आणि एकाचीही आई दवाखान्याच्या बाकावर बसलेली दिसत नाही. हे इंग्रजी चित्रपट हिंदीत रूपांतरित होऊन आपल्याही घरांत येतात. जेवणाच्या ताटावर आपण ते मुलांसोबत पाहतो. प्रशिक्षणाच्या मैदानावर जे सत्य शिकवले गेले, ते चित्रपटाने आपल्यापासून लपवलेले असते. मुलांना चित्रपट दाखवू नका, असे मी म्हणणार नाही. कोणी ऐकणारही नाही. पण ती बंदूक चालवणाऱ्या नटाला पहिल्या दिवशी काय शिकवले होते, हे मुलांना जरूर सांगा.

त्या शिक्षणातील एक गोष्ट मला सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. अमेरिकन चित्रव्यवसायाच्या सुरक्षा-पत्रकात म्हटले आहे की, कोरे काडतूसही जीव घेऊ शकते, चित्रीकरणाच्या जागी खरी काडतुसे आणू नयेत, शस्त्राशी थट्टा करू नये आणि शस्त्र कोणावरही रोखू नये. दृश्यासाठी अगदी आवश्यकच असेल तर जबाबदार तज्ज्ञाला विचारूनच. मग पडद्यावर नट एकमेकांवर बंदुका रोखतात ते कसे? पुष्कळदा ते रोखतच नाहीत. नळी समोरच्या माणसाच्या किंचित बाजूला धरलेली असते. कॅमेरा अशा कोनात ठेवतात की पाहणाऱ्याला ती छातीवर रोखल्यासारखी दिसते. म्हणजे मारण्याचा अभिनय उत्तम साधायचा, तर समोरच्याला जपण्याची कला आधी उत्तम साधावी लागते. चेहऱ्यावर द्वेष आणि मनगटात काळजी! मारेकऱ्याची भूमिका करणाऱ्या नटाचा हा गुप्त धर्म आहे. जे प्रशिक्षण त्याला हा धर्म शिकवते ते पवित्र काम करते, असे म्हणायला मी कचरणार नाही. जे फक्त ऐट शिकवते, ते न केलेले बरे.

२०२१ नंतर काही गोष्टी बदलल्या. ड्वेन जॉन्सन या नटाने आपल्या संस्थेच्या चित्रपटांत यापुढे रबरी शस्त्रेच वापरली जातील आणि बाराचा धूर-उजेड नंतर संगणकाने घातला जाईल, असे जाहीर केले. काही मालिकांनी तोच मार्ग धरला. हे योग्यच झाले. रबरी बंदुकीनेही शिक्षण मात्र थांबू नये, कारण सवय वस्तूला लागत नाही, माणसाला लागते.

शेवटी राहतो तो माणूस, ज्याच्या हातून घडून गेले. ब्रँडन लीवर ज्या नटाने बंदूक झाडली, त्याचा त्यात काही दोष नव्हता. तरी त्याने पुढे वर्षभर काम केले नाही. अनेक वर्षांनी एका मुलाखतीत, यातून आपण कधी पूर्ण बाहेर पडू असे वाटत नाही, अशा अर्थाचे तो बोलला. आश्रयनगराच्या वेशीआत राहणारा हा माणूस आहे. अशा माणसाला 'तुझा दोष नव्हता' एवढे सांगून भागत नाही, आणि 'तूच मारलेस' असे म्हणणे तर क्रौर्य आहे. त्याच्यासोबत वेशीआत कोणी तरी राहावे लागते. प्रमुख याजकाच्या मृत्यूने त्याची सुटका होत असे, असे जुना करार सांगतो. आपला प्रमुख याजक क्रुसावर मरण पावला आहे. म्हणून आपल्या आश्रयनगराची दारे आज बाहेरच्या बाजूलाही उघडतात. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी माझ्यासमोर गुडघे टेकणाऱ्यांत अपघाताने कोणाचा जीव गेलेले वाहनचालक असतात, एका क्षणाच्या दुर्लक्षाने मूल गमावलेले आईबाप असतात. त्यांच्या दोषाचे माप काढण्याआधी मी त्यांच्या शेजारी बसायला शिकलो आहे. हे मला त्या दवाखान्याच्या बाकाने शिकवले.

आमचे दुःखसहनाचे नाट्य आजही होते. भाला आहे, पण त्याचे पाते आता नरम लाकडाचे असून त्यावर चंदेरी रंग दिला आहे. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी अद्याप तक्रार केलेली नाही. दर वर्षी पहिल्या तालमीला शिपायाचे काम करणारा मुलगा तो भाला घेऊन येशूची भूमिका करणाऱ्या मुलाकडे जातो आणि त्याचे टोक त्याच्या तळहातावर टेकवतो. तो मुलगा ते बोटांनी दाबून पाहतो आणि मान हलवतो. मगच तालीम सुरू होते. पहिल्या वर्षी मुले यावर हसली होती. आता ती हसत नाहीत. गेल्या वर्षी एका नव्या मुलाने विचारले, "फादर, हे पण नाटकातच आहे का?" मी म्हणालो, "नाही रे बाळा, नाटकातली खरी गोष्ट एवढीच आहे."